लोकांची पसंत

उजमानं कबड्डीच्या मैदानाभोवतीची दोरी दोन्ही हातांनी वर उचलली आणि वाकून ती सरळ आत शिरली.

"ओ ताई, इकडून नाही! तिकडून, गेटावरून!" गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण मागून ओरडला.

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. अनसिंगहून वाशीमला येईपर्यंत एसटीत उभं राहून तिचे पाय अवघडले होते, ओढणी एका खांद्यावरून घसरली होती आणि डोकं असं तापलं होतं की कुणी आडवं आलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. मॅटच्या पलीकडे कापडी मंडपाखाली संघमालकांची टेबलं मांडली होती. तिसऱ्या टेबलामागे लालसिंग राठोड बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध आणि पुढ्यात कापलेल्या सफरचंदाची बशी.

"सहावी मॅच हाय आज," उजमा टेबलावर दोन्ही तळवे टेकवून म्हणाली. "सहावी! एकदा तरी तिले मॅटवर उतरवलं का तुमी?"

लालसिंगांनी तोंडातली फोड शांतपणे संपवली. "बसा ना ताई. पानी घ्या."

"मले पानी नाही पाह्यजे. पौर्णिमा काहून खेळून नाही राह्यली, ते सांगा."

"पौर्णिमाच्या गावच्या का तुमी?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा! आमच्या टीमची शान हाय ती पोरगी. ते पाहा ना."

ते दाखवत होते तो फ्लेक्स उजमानं येतानाच पाहिला होता. तो न दिसायला माणूस आंधळाच हवा होता. पुरुषभर उंचीची पौर्णिमा, सोनेरी जर्सी, हाताची घडी, आणि खाली लाल अक्षरांत: 'आवाज नसलेलीचा आवाज'. ती ओळ उजमाचीच होती. तिनंच ती सुचवली होती आणि छापून आली त्या दिवशी ती आनंदानं रडली होती. आज तिला तो फ्लेक्स दातांनी फाडावासा वाटत होता.

"शान हाय तं बाकड्यावर कायले ठेवली? पाच मॅचमंदी तिनं काय केलं, मी सांगतो. नाणं उडवलं. पाहुन्यायले गुच्छ देल्ले. सगळ्यायसोबत फोटो काढले. तिले बोलता येत नाही म्हनून दाखवायले आनली तुमी, खेळवायले नाही! असंच ना?"

शेजारच्या टेबलांवरची डोकी वळली. लालसिंगांचा आवाज मात्र चढला नाही, आणि त्यानं उजमा आणखी भडकली. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं नुसतं समजून घेतलं, की त्याच्यासारखी चीड दुसरी नसते.

"ताई, ते लोकांची पसंत हाय," ते म्हणाले. "लोकांची पसंत बारा जणीत नसते. ती वरची. तिचा मान येगळा, जर्सी येगळी. खेळायच्या बारा जणी ट्रायलमधून येतात."

"हे कोनं ठरवलं?"

"लीगनं. पह्यल्या दिवसापासून हाय ना. तुमी मत देल्लं असन ॲपवर, त्यातच लिहेल हाय सगळं." त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली. "माह्यावर इस्वास नसन तं वच्छला मॅडमले इचारा. टीमचं सगळं त्याच पाह्यतात. मी फक्त नावाचा मालक."

उजमानं बशी परत ढकलली. एक फोड टेबलावरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

पौर्णिमा मुकी नव्हती. लोक तसं म्हणत, आणि फ्लेक्स छापणाऱ्यांना तेच सोयीचं होतं. लहानपणी तिच्या घशात गाठी यायच्या. गोविंदानं, तिच्या बापानं, तिला चार वेळा नागपूरला नेलं, चार वेळा गाठी काढल्या. पाचव्यांदा त्या आल्या नाहीत, पण तोवर आवाज गेला होता आणि उरला होता नुसता श्वास. कान तिच्या तोंडाजवळ नेला तर शब्द कळायचे. हातभर अंतरावर गेलं की काही नाही. गोविंदा ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होता, आई लिलाबाई लोकांच्या वावरात जायची, आणि पोरगी शाळेमागच्या मैदानावर पोरांच्यात कबड्डी खेळायची.

आता आवाज नसलेल्या माणसानं निवडावा असा हा खेळ नव्हे. चढाईला जाणाऱ्यानं पंचाला ऐकू जाईल असं 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, हा तर त्याचा पायाच. पौर्णिमानं चढाई केली की पंच हात वर करून तिला बाद द्यायचा. तिनं भांडण केलं नाही. ती डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिथलीच झाली. पकड करणाऱ्याला काही म्हणावं लागत नाही. शिवाय तिला एक गोष्ट कळायची जी दुसऱ्या कुणाला कळत नसे. समोरच्या चढाईवालीचा 'कबड्डी कबड्डी' कुठल्या क्षणी पातळ होतो, श्वास कुठं तोकडा पडतो आणि परत फिरायचा विचार तिच्या मनात कधी येतो, हे तिला त्या चढाईवालीच्याही आधी कळायचं. लहानपणापासून श्वासावर बोललेली पोरगी ती. पायाचा घोटा एकदा तिच्या हातात आला की सुटत नसे.

हे सगळं उजमानं मैदानाच्या भिंतीवर बसून पाहिलं होतं. दोघी पाचवीपासून एका बाकावरच्या. उजमाचा बाप सैफुद्दीन गाद्यांच्या दुकानात, आई जैतुनबी घरी, आणि उजमा स्वतः अर्धी अनसिंगात, अर्धी कोरियात. 'ब्लू टेरेस' नावाच्या सात पोरांच्या गाण्या-नाचाच्या ग्रुपवर तिचा जीव होता, आणि त्या सातांतल्या हेजूवर तर विशेष. सैफुद्दीन त्यांना 'पावडर लावलेले पोट्टे' म्हणायचा. पण जिल्ह्यात तसल्या एकूण त्रेचाळीस पोरी निघाल्या होत्या. रिसोड, शिरपूर, केनवड, वाशीम, सगळीकडच्या. त्यांच्या ग्रुपची म्होरकी उजमा होती. हेजूच्या वाढदिवसाला तिनं अनसिंगच्या स्टँडवर त्याचा फ्लेक्स लावला होता, थेट पुढाऱ्यासारखा, खाली शुभेच्छुक म्हणून त्रेचाळीस नावं. दोन दिवस लोक विचारत होते, हा कोणत्या पक्षाचा.

या पोरींना एक काम फार चांगलं यायचं, ते म्हणजे मतं देणं. परदेशातल्या बक्षिसांसाठी रोज ठरावीक वेळी ॲपवर मत टाकावं लागे. उजमा त्याचं वेळापत्रक करायची. कुणी सकाळी सहाला, कुणी कॉलेजच्या मधल्या सुट्टीत, कुणी नमाजानंतर. आईचा फोन, आजीचा फोन, काकाचा फोन. जैतुनबीच्या फोनवरून हेजूला किती मतं गेली, याचा त्या माउलीला पत्ताही नव्हता. बाहेरच्या चाहत्यांशीही देवाणघेवाण चालायची. तुमच्या आवडत्याला आम्ही देतो, आमच्याला तुम्ही द्या. इंफाळच्या पोरी तर शब्दाला एकदम पक्क्या.

म्हणून वऱ्हाडातल्या महिला कबड्डी लीगनं 'लोकांची पसंत' जाहीर केली, प्रत्येक संघात एक खेळाडू लोकांच्या मतांवर घेणार असं सांगितलं, तेव्हा उजमाला दुसरं काही सुचलंच नाही. पौर्णिमा नुकतीच वाशीमला ट्रायल देऊन आली होती. यादी सोमवारी लागणार होती. निवडणाऱ्यांत एक जण तिच्या तोंडावर हसला होता म्हणे, 'कबड्डी म्हणता येत नाही आणि कबड्डी खेळायला आली.' ते ऐकून उजमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हे लोक हिला घेणार नाहीत. हिला घ्यायला भाग पाडावं लागेल.

शनिवारी तिनं फॉर्म भरला. गावातल्या अर्ध्या पोरींचे फॉर्म तीच भरायची. पौर्णिमाचा फोटो, आधार, जन्मतारीख, सगळं तिच्या फोनमध्ये होतंच. शेवटी पौर्णिमाच्या नंबरवर ओटीपी गेला, तो तिनं मेसेज करून मागून घेतला. पौर्णिमाला वाटलं, शिष्यवृत्तीचं असेल. मग एक लांबलचक पान उघडलं, खाली चौकोन, 'मला मान्य आहे'. असले चौकोन उजमानं हेजूसाठी हजारदा दाबले होते. तिनं दाबला. आठ दिवसांत अठरा हजार चारशे मतं पडली. दुसऱ्या नंबरच्या पोरीला नऊशे. उजमाला आभाळ ठेंगणं झालं होतं.

वच्छला मॅडम मंडपाच्या मागच्या बाजूला खाली बसून एका पोरीच्या गुडघ्यावर बर्फ धरत होत्या. पन्नाशीच्या, आखूड केस, गळ्यात शिट्टी. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मॅडम, मले फक्त एक इचारायचं हाय," उजमाचा आवाज अजून चढलेलाच होता. "पौर्णिमाले चढाई जमत नाही, मान्य. पन पकड तं जमते! तिच्यासारखा डावा कोपरा हाय का तुमच्याजवळ?"

"नाही," वच्छला मॅडम म्हणाल्या.

उजमा गडबडली. इतक्या सरळ उत्तराची तिनं तयारीच केली नव्हती.

"ट्रायलले नऊ जणीयची चढाई घेतली मी तिच्यावर. सात जणी तिनं घोट्यात धरून पाडल्या. माह्या यादीत चौथं नाव तिचं होतं." त्यांनी बर्फाचं फडकं पिळलं. "बाकीचे म्हनत होते, समजा सगळ्या बाद झाल्या, ती एकटीच उरली, तं चढाईले कोन जाईन? मी म्हटलं, ती वेळच येऊ देनार नाही आमी. भांडून घेतलं तिले. दोन तास भांडली मी."

"मंग?"

"मंग काय. रविवारी लीगवाल्यायचा फोन आला. म्हने, तुमच्या यादीतली चौथी पोरगी लोकांच्या पसंतीत उभी राह्यली, तिनं फॉर्मवर मान्य केलं हाय. एका पोरीले एकच रस्ता. यादीतून नाव कमी करा." त्यांनी आता पहिल्यांदा उजमाकडे पाहिलं. "मी तिले मेसेज केला, 'नाव काहून काढून घेतलं?' तिचा एकच शब्द आला. 'चुकलं.' बस. मले वाटलं, पोरीले खेळापक्षा फोटो आवडले. होते असं. ह्या वयात होते."

गुडघा दुखावलेली पोरगी उठून लंगडत गेली. वच्छला मॅडमनी बर्फाचं पाणी मातीत ओतलं.

उजमाला ते शनिवारचं लांबलचक पान आठवलं. नुसतं आठवलं नाही, तिला आता ते वाचता आलं असतं, एकेक ओळ. तिनं ते वरून खाली अंगठ्यानं एका झटक्यात सरकवलं होतं.

"फॉर्म म्या भरला," ती म्हणाली.

"काय?"

"तिनं नाही भरला. म्या भरला. तिले माहीतच नव्हतं."

उजमाला वाटलं, आता ही बाई कानाखाली वाजवेल. वाजवावीच, असंही तिला वाटलं. पण त्या फक्त उठल्या आणि हात पँटला पुसले.

"आता सांगून काय उपेग? हंगाम संपेपर्यंत नाव बदलत नाही. पुढच्या वर्षी मी असतो का नसतो, कोनाले माहीत." दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. "अन् तीन हप्ते मी त्या पोरीसंग धड बोलली नाही. ते कोन भरून देते?"

पौर्णिमा पाण्याच्या टाकीमागं, एका उलट्या घमेल्यावर बसली होती. अंगात ती सोनेरी जर्सी. उन्हात ती इतकी चमकत होती की बघवत नव्हतं. ती बोटांना पांढरी पट्टी गुंडाळत होती. एक एक बोट, सांध्याच्या खाली-वर, दातांनी पट्टी तोडून. पकड करणाऱ्या पोरी सामन्याआधी गुंडाळतात तशी. सहाव्या सामन्यातही तिला नाणंच उडवायचं होतं.

उजमा तिच्यासमोर उभी राहिली. येताना एसटीत तिनं किती काय काय ठरवलं होतं. लालसिंगला कसं सुनावायचं, पेपरात कसं द्यायचं. ग्रुपवरच्या पोरींनाही तिनं सकाळीच बजावलं होतं, आज सगळ्यांनी यायचं, दुसरा हाफ सुरू झाला की ओरडायला लागायचं, आणि पौर्णिमाला उतरवत नाहीत तोवर थांबायचं नाही, कुणी काही म्हटलं तरी. तो सगळा राग अजून तिच्या अंगात तसाच होता. फक्त आता तो काढायला समोर माणूस उरला नव्हता.

"म्या मॅडमले सांगतलं," ती म्हणाली. "फॉर्म म्या भरला म्हनून."

पौर्णिमानं तर्जनीची पट्टी पुरी केली आणि मधलं बोट घेतलं.

"तुले तीन हप्त्यापासून माहीत हाय. तू मले काहून नाही सांगतलं वं?"

पौर्णिमानं मान वर केली आणि बोटानं खूण केली, जवळ ये. उजमा गुडघ्यांवर बसली आणि नेहमीसारखा कान पुढं केला. लहानपणापासून हजार गोष्टी तिनं अशाच ऐकल्या होत्या, वर्गात, गच्चीवर, भर बाजारात.

"तू रडली असती," कानात श्वास आला. "मंग मीच तुले समजावत बसली असती."

"मी तुह्यासाठी केलं. माय कसम! अठरा हजार मतं पौर्णिमा, इंफाळच्या पोरीयनं तुले..."

"मले इचारलं होतं?"

"सरप्राइज द्यायचं होतं तुले."

पौर्णिमा हसली. त्या हसण्यालाही आवाज नव्हता, नुसतं नाकातून वारं आलं. "हेजूले तरी कुठं इचारते तू."

"त्याचं काय इथं?" उजमा मागं सरकली. पौर्णिमानं पट्टी गुंडाळलेल्या हातानं तिचं मनगट धरलं आणि परत ओढलं. ती पकड सुटण्यातली नव्हती.

"त्याले काय पाह्यजे, तुले माहीत हाय?" ती दम घेत, तुकड्यातुकड्यानं बोलत होती. "त्याले नाचायचं हाय का नाही. झोप झाली का नाही. तुले तो आवडते. तुले मत द्यायचं असते. बस." थोडा वेळ नुसता श्वासच आला. "मी मैत्रीन होती तुही. तू फॅन झाली माही."

तिनं मनगट सोडलं. उजमाच्या हातावर चार बोटांचे पांढरे वळ उठले होते आणि ते हळूहळू लाल होत होते. तिला ओरडायचं होतं, की तो माणूस तुझ्यावर हसला तेव्हा मी गप्प बसायचं होतं का? यांनी कोणाला कधी सरळ रस्त्यानं घेतलंय? पण सरळ रस्त्यानं घेतलं होतं. चौथं नाव होतं. दोन तास कुणीतरी भांडलं होतं, आणि त्या भांडणाची मेहनत उजमानं एका अंगठ्यानं मातीत घातली होती.

लाउडस्पीकर खरखरला. लोकांच्या पसंतीला मॅटकडे बोलावत होते, नाणेफेकीसाठी. पौर्णिमा उठली, जर्सी झटकली आणि गेली.

पहिला हाफ उजमानं दोरीच्या आतच, बाकड्यामागच्या एका प्लास्टिकच्या खुर्चीला धरून उभ्यानं पाहिला. तिला बाहेर काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. डाव्या कोपऱ्यात एक काटकुळी पोरगी होती. यादीत एक जागा रिकामी झाली म्हणून ती वर सरकलेली. वाईट खेळत नव्हती बिचारी, पण घाई करायची. चढाईवाली परत फिरायच्या आतच झेप घ्यायची आणि हातात नुसती हवा यायची. प्रत्येक वेळी बाकड्यावर पौर्णिमाचे पट्टी बांधलेले हात किंचित उचलत, थांबत, आणि मग खाली येत. ती थांबायची तो क्षण बरोबर असायचा. उजमा आता तेवढंच पाहत होती. हाफटाइमला संघ नऊ गुणांनी मागे होता.

मग पोरी आल्या. रिसोडची गाडी, शिरपूरची गाडी, वाशीमच्या आपापल्या स्कुटीवर. निळे टी-शर्ट, आणि प्रत्येकीच्या हातात घरी केलेला निळा दिवा, म्हणजे बाटलीला निळा जिलेटिन कागद आणि आत मोबाइलची बॅटरी. लोक कौतुकानं वळून पाहू लागले. उजमानं घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं, 'ओरडू नका. प्लीज. नंतर सांगते.' मेसेजखाली एकही निळी खूण उमटली नाही. सगळे फोन बाटल्यांत होते.

शिट्टी झाली आणि त्यांनी सुरुवात केली.

"पौर्णि-मा! पौर्णि-मा!"

आवाज कमावलेला होता. वर्षानुवर्षं सात परक्या पोरांची नावं त्यांनी याच तालात घेतली होती. तीन टाळ्या, नाव, पुन्हा तीन टाळ्या. पाच मिनिटांत निम्मं मैदान त्यांच्यात मिसळलं. म्हातारेकोतारे, पोरं, खारे शेंगदाणे विकणारा. मॅटवर आपल्या चढाईवालीचं 'कबड्डी कबड्डी' त्या गदारोळात बुडून गेलं. पंच कान तिच्याकडे करून वाकला, त्याला काही ऐकू आलं नाही आणि त्यानं तिला बाद दिलं. वच्छला मॅडम उठून पंचाशी हुज्जत घालायला धावल्या. पंचानं हात पसरून प्रेक्षकांकडे बोट दाखवलं.

उजमा खुर्चीवर चढली. "बस!" ती ओरडली. "बस करा! थांबा!"

तिचाच आवाज तिला ऐकू आला नाही. मग तिनं दोन्ही हात वर केले आणि तळवे जमिनीकडे करून खाली दाबले, शांत व्हा, शांत व्हा म्हणून. रिसोडच्या कौसरचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिनं बाकीच्यांना ढोसलं. बेचाळीस तोंडं उजमाकडे वळली आणि उजळली. म्होरकी खुर्चीवर चढलीय, हात वर-खाली करतेय. त्यांना वाटलं, ती ताल देतेय. निळे दिवे तिच्या हातांबरोबर वर गेले, खाली आले, आणि आवाज आधीपेक्षा दुप्पट झाला.

"ऐका हो ऐका, हे प्रेम पाहा!" निवेदक माइकवर ओरडला. "आवाज नसलेलीचा आवाज! आपल्या सगळ्यांची लाडकी, लोकांची पसंत!"

लालसिंग टेबलामागून लगबगीनं आले आणि त्यांनी पौर्णिमाला खूण केली, ऊठ, हात कर. कॅमेरावाला तिच्यासमोर गुडघा टेकून बसला. पौर्णिमा उठली. तिनं लोकांकडे तोंड केलं आणि पट्ट्या बांधलेला हात वर करून हलवला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. तिच्या पाठीमागं डाव्या कोपऱ्यात झटापट झाली, कुणीतरी पडलं, शिट्टी वाजली. तिची मान तिकडे वळू लागली, पण कॅमेरावाल्यानं बोट दाखवलं, इकडे, इकडे बघा.

उजमानं हात खाली घेतले. पोरी थांबल्या नाहीत.